कुत्रा-मांजर एका घरात: आधी वासाची ओळख

घरात कुत्रा असताना मांजर आणलंत, तर पहिल्याच दिवशी दोघांना समोरासमोर आणू नका. मांजराला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. एकाच्या अंगावरून फिरवलेला फडका दुसऱ्याच्या अंथरुणाजवळ टाका, आणि बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवू घाला. हा वास आला की खाऊ मिळतो, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

मग कुत्र्याला पट्टा बांधूनच भेट घडवा. तो अंग ताठ करून एकटक बघत राहिला, तर शेपटी हलत असली तरी त्याला लगेच बाहेर न्या. शेपटी हलते म्हणजे तो खूश आहे, असं दरवेळी नसतं.

नाशिकच्या सिडको-इंदिरानगरातल्या लहान फ्लॅटमध्ये जागा कमी, पण उंची असतेच. कपाटाचा माथा, माळा मांजरासाठी मोकळा ठेवा. पळून वर जाता आलं की ते सहसा नखं काढत नाही. त्याची ताटलीही वरच ठेवा. कुत्र्याच्या खाण्यावर मांजराला मात्र वाढवू नका. मांजराला टॉरिन हे पोषक द्रव्य आहारातूनच मिळावं लागतं, आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय खराब होतं.