‘सोयाबीन पिवळं पडायलंय’: एआयच्या काळात प्रॉडक्ट मॅनेजर होताना

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे चुलते. सेलू तालुक्यात त्यांचं सहा एकर सोयाबीन. “तुझं ॲप म्हणतंय झाडं उपटून टाका. उपटू का?”

मराठीत बोलून पीकसल्ला देणारा एआय सहायक आम्ही नुकताच परभणी आणि हिंगोलीतल्या मोजक्या शेतकऱ्यांना वापरायला दिला होता, त्यात तात्याही होते. मी म्हटलं, “थांबा, हात लावू नका, आधी फोटो पाठवा.” फोटोत कोवळी पानं पिवळी दिसत होती, पण शिरा हिरव्यागार होत्या. आठ दिवसांची झड, रानात पाणी थांबलेलं, वाफसा नाही. अशा वेळी आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत पिकाला लोह उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. पाणी काढून द्यायचं, वाफसा येऊ द्यायचा आणि गरज पडली तर लोहाची फवारणी करायची. पिवळा मोझॅक वेगळा. त्यात पानांवर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे दिसतात, पांढरी माशी तो पसरवते, आणि झाड उपटायचा सल्ला त्या रोगासाठी असतो.

तात्यांनी विचारलं म्हणून पीक वाचलं. न विचारता उपटणारा कुणी असता तर?

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं की नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या कॉलेजांतली मुलं मला हल्ली एकच प्रश्न विचारतात: एआय आल्यावर प्रॉडक्ट मॅनेजरचं काम उरणार आहे का, आणि आपण त्यात यावं का? माझं उत्तर त्या फोटोत आहे. “पिवळं” हा शब्द ऐकताच मॉडेलनं, म्हणजे सहायकामागच्या एआयनं, सर्वात जास्त वाचलेलं उत्तर दिलं. त्याने आधी उलट प्रश्न विचारायला हवा होता: शिरा हिरव्या आहेत का, रानात पाणी साचलं होतं का. हे ठरवणं प्रॉडक्ट मॅनेजरचं काम होतं, म्हणजे माझं, आणि माझ्याकडून ते राहिलं होतं.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय, हे थोडक्यात. कुणासाठी, काय, का आणि आधी कोणतं बनवायचं हे ठरवणारा, आणि डेव्हलपर, डिझायनर, विक्रीवाले या सगळ्यांना त्या दिशेनं घेऊन जाणारा माणूस. यातलं कुणीही त्याच्या हाताखाली नसतं. या कामाचं मूळ बरेच जण प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकलरॉय यांच्या १९३१ सालच्या एका टिपणात शोधतात. एका ब्रँडची पूर्ण जबाबदारी एका माणसाकडे असावी, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. सॉफ्टवेअर फार नंतर आलं.

मी या कामात आलो तेव्हा निम्मा आठवडा लिहिण्यात जायचा. गरजपत्रक, म्हणजे ज्याला आम्ही पीआरडी म्हणतो, ते लिहायला दोन-तीन दिवस लागत. मीटिंगची टिपणं, ग्राहकांच्या तक्रारींची वर्गवारी, प्रतिस्पर्धी ॲपचा तक्ता हे वेगळंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत यातलं बहुतेक काम तासाभरावर आलं. आज मी कल्पना साध्या भाषेत लिहितो आणि संध्याकाळपर्यंत चालता नमुना तयार असतो. आधी त्यासाठी डिझायनर आणि डेव्हलपरची वाट बघावी लागायची. याचा मला मनापासून आनंद आहे. चुकीची कल्पना आता तीन महिन्यांऐवजी एका दिवसात कळते.

याचा दुसरा भाग मात्र काळजीचा आहे. टिपणं, तक्ते, वर्गवारी हेच नव्या पोराचं पहिलं काम असायचं. शंभर तक्रारी हातानं वाचता वाचता ग्राहक कळायचा. आता ती वर्गवारी यंत्र करतं, आणि नव्या माणसाला घ्यायचं कशासाठी, असं कंपन्या विचारतात. म्हणून तुम्हाला सांगतो: सारांश मिळाला तरी मूळ तक्रारी स्वतः वाचा. मी अजून आठवड्याला पन्नास कॉल पूर्ण ऐकतो. सारांशात “पिकाच्या रंगाबद्दल प्रश्न” एवढंच येतं. कॉलमध्ये ऐकू येतं, “साहेब, सोयाबीन पिवळं पडायलंय, औंदा काही खरं नाही.”

आणि “पडायलंय” हेच आमच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेला कळत नव्हतं. “पडतंय”, “पडत आहे” तिला चालायचं. करायलो, जायलो, पडायलंय आलं की ती काहीतरी भलतंच लिहायची. बॅग हा शब्दही तसाच. “माझं चार बॅग सोयाबीन आहे” म्हणजे चार बॅग बियाणं पेरलेलं रान, साधारण चार एकर. “बॅगला आठ कट्टे झाले” हा उतारा, म्हणजे तेवढ्या रानात किती पोती पीक निघालं ते. मॉडेलला ती खताची बॅग वाटली. सर्वात धोक्याचा शब्द पंप. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत औषधाचं प्रमाण बहुधा १० लिटर पाण्याला दिलेलं असतं, शेतकरी विचारतो “पंपाला किती टाकू?” फवारणीचा पंप कुणाचा १५ लिटरचा, कुणाचा २० लिटरचा. पंप किती लिटरचा हे न विचारता दिलेलं उत्तर ऐकायला बरोबर वाटतं आणि रानात चुकतं.

आमच्या टीममध्ये मोठ्या संस्थांतून शिकून आलेली हुशार माणसं होती. बॅग म्हणजे रान हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. कॉलेजात असताना ज्या बोलीची लाज वाटायची, ती त्या दिवशी टीमला लागणारी माहिती होती.

आता या कामातलं जे कौशल्य मी सगळ्यात वर ठेवतो, त्याबद्दल. इंग्रजीत त्याला इव्हॅल्स म्हणतात. आपण उत्तरांची परीक्षा म्हणू. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की ठरलेलं तेच व्हायचं, म्हणून तपासणी सोपी होती. भाषेचं मॉडेल त्याच प्रश्नाला दोनदा दोन तऱ्हेची उत्तरं देऊ शकतं, आणि माहीत नसलं तरी तितक्याच ठामपणे बोलतं. मग ‘चांगलं उत्तर’ म्हणजे काय, हे कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. तात्यांच्या फोननंतर मी एक साधी शीट उघडली: खरा प्रश्न, शेतकऱ्याच्याच शब्दांत, उत्तरात काय यायलाच हवं, काय कधीच येता कामा नये, आणि कुठे थांबून कृषी तज्ज्ञाकडे फोन द्यायचा. पहिले साठ प्रश्न मी आणि आमच्या कृषी पदवीधर सहकारी मॅडमनी बसून लिहिले. मॉडेल बदललं, सूचना बदलल्या, की सगळे प्रश्न पुन्हा चालवायचे.

यातला शेवटचा रकाना भरताना खरा कस लागतो. सहायक दर दुसऱ्या प्रश्नाला “तज्ज्ञांना विचारा” म्हणाला तर शेतकरी पुन्हा फोन करत नाही. कुठेच थांबला नाही तर कुणीतरी झाडं उपटतो. आम्ही ठरवलं की बाजारभाव, पेरणीचं अंतर अशा ठिकाणी मोकळेपणानं उत्तर द्यायचं. औषधाचं प्रमाण आणि उपटणं-मोडणं जिथे येईल तिथे आधी उलट प्रश्न, आणि तरी शंका राहिली तर माणूस. ही रेषा मॉडेलनं आखून दिलेली नाही, आम्ही भांडून भांडून आखली.

खर्चाचंही गणित शिका. मॉडेलचं बिल टोकनवर, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर असतं, आणि बहुतेक मॉडेलांत देवनागरी मजकूर तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन खातो. मराठीत लांबलचक उत्तर म्हणजे जास्त पैसे आणि जास्त वाट बघणं. आणि लोकांचे नंबर, आवाज, सातबारा कुठल्याही फुकटच्या साधनात टाकू नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे.

शिरकाव कसा करायचा? थेट प्रॉडक्ट मॅनेजरची जागा नवख्याला क्वचित मिळते. मी कस्टमर सपोर्टमधून आलो. टेस्टिंग किंवा बिझनेस ॲनालिस्टच्या कामातूनही अनेक जण येतात. पुण्यालाच जायला हवं असं नाही. संभाजीनगरला वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांतही हे काम शिकता येतं. इंग्रजीची भीती असेल तर मसुदा एआयकडून सुधारून घ्या, पण तो का बरोबर आहे हे तोंडी सांगायचा सराव करा, कारण मुलाखतीत तेच विचारतात.

आणि सर्टिफिकेटं गोळा करण्याआधी एक काम करा. येत्या खरिपात तुमच्या गावच्या किंवा तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात, मालकाला विचारून, तीन दुपारी बसा. लोक काउंटरवर काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, नावं न लिहिता. त्यातले चाळीस प्रश्न एखाद्या एआयला विचारा, उत्तरं गावच्या कृषी अधिकाऱ्याला किंवा जाणत्या शेतकऱ्याला दाखवा, आणि कुठे, का चुकलं ते दोन पानांत लिहा. शेतीऐवजी दवाखान्याची रांग, एसटीचं आरक्षण, जालन्यातलं मोसंबीचं मार्केट घेतलंत तरी चालेल. मागच्या वर्षी मुलाखती घेताना असं दोन पानी काम आणणारी एकच मुलगी आली, औंढ्याकडची, हळदीच्या शिजवणीवरचे प्रश्न घेऊन. बाकीच्यांचे चकचकीत नमुने बघून झाले होते. तिच्या वहीवर आम्ही दीड तास बोललो.

आमच्या शीटमध्ये आता चारशेच्या वर प्रश्न आहेत. पहिल्या ओळीत तात्यांचा आहे, त्यांच्याच शब्दांत.