मित्रांसोबत क्राफ्ट बिअर आणि खाण्याची वीकेंड सहल कशी आखावी

दोन दिवसांत सात-आठ ब्रुअऱ्या (बिअर जिथे बनते ती ठिकाणं) पालथ्या घालायच्या असा बेत केला, की तिसऱ्या ठिकाणानंतर जिभेला काही कळेनासं होतं आणि पुढची नुसती धावपळ होते. म्हणून दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा, एक दुपारी आणि एक संध्याकाळी. मधला वेळ फिरायला, झोपायला, गप्पांना लागतोच.

१. आधी गाडीचं ठरवा

कुठे जायचं याच्या आधी परत कोण आणणार हे ठरलं पाहिजे. गाडी चालवणाऱ्यानं त्या दिवशी एक घोटही घ्यायचा नाही आणि त्याच्या खाण्याचा खर्च बाकीच्यांनी उचलायचा. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची असेल, तर नव्या चालकानं आदल्या रात्री लवकर थांबावं. शरीर अल्कोहोल आपल्या गतीनंच पचवतं. कॉफीनं किंवा गार पाण्याच्या अंघोळीनं ते लवकर उतरत नाही. संध्याकाळच्या ठिकाणापासून चालत जाता येईल असा मुक्काम मिळाला, तर उत्तमच.

२. फोन करून विचारा

बिअर तिथेच बनते का, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, ब्रुअरी आतून दाखवतात का आणि त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं का, एवढं विचारून घ्या. आत फिरायला मिळणार असेल, तर ते पिण्याआधी उरका. चिमूटभर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे, मागून चावून बघा. फिका माल्ट बिस्किटासारखा गोडसर लागतो, काळा होईपर्यंत भाजलेला कॉफीसारखा कडू. स्टाउट या काळ्या बिअरचा रंग आणि तिची भाजकी चव या दाण्यांतून येते, हे मग सांगावं लागत नाही.

३. छोटे ग्लास, योग्य क्रम

पहिल्याच फेरीला मोठा ग्लास मागवू नका. बहुतेक ठिकाणी १०० ते १५० मिलीच्या चार-पाच छोट्या ग्लासांचा संच मिळतो, त्याला फ्लाइट म्हणतात. दोघांत एक पुरे.

क्रम लावताना रंगावर जाऊ नका. काळीकुट्ट स्टाउट ४ टक्के अल्कोहोलची असू शकते आणि सोनेरी बेल्जियन ट्रिपेल ९ टक्क्यांची. कडवटपणा आणि टक्केवारी बघा: आधी हलकी, सोनेरी पिल्सनर किंवा गव्हाची बिअर, मग पेल एल, मग आयपीए (हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांचा भरपूर वापर केलेली बिअर), जड आणि गोडसर प्रकार शेवटी. आयपीए आधी घेतली तर तिचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि नंतरची पिल्सनर पाणचट लागते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात यातलं काहीच घातलेलं नसतं, हे सगळं यीस्टचं काम आहे. प्रत्येकानं आधी नुसता वास घ्यावा आणि काय जाणवलं ते बोलून दाखवावं. मला तरी सहलीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर ग्लास नीट धुतलेला नाही. निःसंकोच बदलून मागा. स्टाउट फार गार आली तर जरा थांबा. १० ते १३ अंशांना तिची चव खुलते. पिल्सनर मात्र ४ ते ७ अंशांतच छान.

४. खाणं बिअरइतकंच मनावर घ्या

रिकाम्या पोटी सुरुवात नको. एकेक पदार्थ मागवून सगळ्यांनी वाटून खा, म्हणजे जोड्या लावून बघता येतात. तळलेल्या पदार्थासोबत पिल्सनर घ्या, तिचा फसफसपणा जिभेवरचं तेल धुऊन काढतो. निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थाला ब्राउन एल शोभते, भाजकी चव दोन्हींत आहे. स्टाउट चॉकलेटसोबत घेऊन बघाच. तिखटाबरोबर कडवट, जास्त टक्क्यांची आयपीए घेतली तर तिखट आणखी भडकतं. तिथे माल्टची गोडसर बिअर बरी.

५. मिलीत हिशेब ठेवा

५ टक्क्यांच्या ५०० मिली बिअरमध्ये २५ मिली अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या ३३० मिलीमध्ये २६ मिलीच्या वर. म्हणजे ग्लास लहान असला तरी अल्कोहोल कमी नसतं. दर ग्लासामागे ग्लासभर पाणी प्या. कुणी नको म्हणालं तर आग्रह करू नका.

६. घरी नेताना

बाटल्या उभ्या ठेवा आणि उन्हापासून जपा. उजेडानं हॉप्सचा वास बिघडतो, पारदर्शक आणि हिरव्या बाटलीत तर लवकरच. तापलेल्या गाडीत त्या सोडून जाऊ नका. टॅपवरून भरून घेतलेली बिअर थंडच न्या, दोन-तीन दिवसांत संपवा आणि उघडली की त्याच दिवशी. आयपीए ताजी असतानाच प्या, तिचा सुगंध आधी उडतो. जास्त टक्क्यांची स्टाउट तेवढी पुढच्या भेटीपर्यंत खुशाल ठेवा.