कॅम्पर ट्रेलरच्या आतल्या पायऱ्यांचं कार्पेट बदलताना

कॅम्पर ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, पायरीचं कार्पेट आधी झिजतं ते पुढच्या कडेवर, कारण उतरताना सगळं वजन तिथेच पडतं. म्हणून नवं घेताना आखूड, दाट धाग्यांचं पॉलिप्रॉपिलीनचं (एक कृत्रिम धागा) घ्या. जाड, मऊ कार्पेट कडेवर नीट वळत नाही आणि त्यावर पाय सरकतो.

जुनं काढल्यावर स्टेपलच्या पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचला, पकडीने उपसा. दाराजवळचं प्लायवुड टोचून पाहा. मऊ लागलं तर पाणी कुठून शिरतं ते आधी शोधा, नाहीतर सगळी मेहनत वाया. माप जुन्या तुकड्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. पुठ्ठ्याचा नमुना करा, सगळीकडे 2 सेंमी जास्त ठेवा आणि कार्पेट पाठीकडून कापा.

कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह (दोन्ही बाजूंना लावून, सुकल्यावर चिकटवायचा गोंद) लाकडाला आणि कार्पेटला, दोन्हीकडे लावा. बोटाला लागेनासं होईपर्यंत, साधारण 10-15 मिनिटं थांबा, मग चिकटवा. त्याची वाफ पेट घेते, तेव्हा गॅस आणि पायलट ज्योत (गॅसच्या उपकरणात सतत जळणारी छोटी ज्योत) बंद, दार-खिडक्या उघड्या. कडेवर नुसत्या पिनांपेक्षा स्क्रूची अ‍ॅल्युमिनियम पट्टी कितीतरी चांगली. मात्र पायरीखालून वायरी किंवा हीटरची नळी गेलेली असू शकते. स्क्रू मारण्याआधी खालून पाहाच.