पीएस-टूला पेन ड्राइव्ह घेताना

गणपतीत माळ्यावरून स्लिम पीएस-टू (सोनीचं प्लेस्टेशन २ हे गेम खेळायचं मशीन, बारीक मॉडेल) काढला. चालू झाला, पण डिस्क वाचेना. लेन्स आतल्या आत टक-टक करायची आणि स्क्रीनवर काळोख. भाचा म्हणाला, "मामा, पेन ड्राइव्हवरून चालव की." तसा मेमरी कार्डवर फ्री मॅकबूट (पीएस-टूवर बाहेरचे प्रोग्राम चालवू देणारा प्रोग्राम) टाकून घेतलेला होताच. (तुमच्या पीएस-टूचा मॉडेल नंबर एससीपीएच-९०००० मालिकेतला असेल तर आधी तपासा. त्यातल्या शेवटच्या मशिनांवर फ्री मॅकबूट चालत नाही, त्याच कामाचं ओपनट्यूना वापरावं लागतं.) गेम चालवायला ओपन पीएसटू लोडर, म्हणजे ओपीएल. राहिला प्रश्न पेन ड्राइव्हचा, आणि तिथेच माझे तीन रविवार गेले.

दुकानदार तुम्हाला यूएसबी ३.२चा महागडा ड्राइव्ह दाखवेल. घेऊ नका. पीएस-टू २००० साली आला, त्याचे समोरचे दोन्ही पोर्ट यूएसबी १.१चे आहेत. कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, हातात पडतं साधारण १ एमबी. पेन ड्राइव्ह कितीही वेगवान असो, दार एवढंच. खुद्द डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला ५ एमबीच्या आसपास वाचतो. म्हणून पेन ड्राइव्हवरून खेळताना गेम नीट चालतो, पण मधले व्हिडिओ अडखळतात, आवाज तुटतो. पेन ड्राइव्ह बदलून ते सुटणार नाही. ते नकोच असेल तर स्लिमच्या मागे नेटवर्क केबलचं भोक आहे, त्यातून कॉम्प्युटरवर ठेवलेले पीएस-टूचे गेम चालवा. यूएसबीपेक्षा नक्की बरं पडतं.

तेव्हा पैसे वेगावर नाही, अस्सलपणावर घालवा. माझा पहिला ड्राइव्ह फुटपाथवरचा होता, वर '६४ जीबी' छापलेलं. पहिले दोन गेम मक्खन. तिसरा लोडिंगवरच गोठला, चौथा यादीत दिसे पण उघडेना. शेवटी कॉम्प्युटरवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' लावलं. हा छोटा प्रोग्राम ड्राइव्ह गच्च भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. निघाले जेमतेम ७ जीबी. बाकी सगळा रंग. तेव्हापासून ड्राइव्ह नवा असो वा मित्राचा, आधी ही परीक्षा, मग गेम.

साइज ३२ किंवा ६४ जीबी पुरे. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची, आणि बरेच गेम त्याहून लहान असतात. ड्राइव्ह अंगाने बारीक घ्या. जाडजूड घेतला तर शेजारचा पोर्ट अडतो. पोर्टेबल हार्ड डिस्क लावायचा मोह मलाही झाला होता. तिला पोर्टचा करंट पुरला नाही, बिचारी क्लिक-क्लिक करून गप्प बसली. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क असेल तरच त्या वाटेला जा. मधे यूएसबी हब लावू नका.

आता फॉरमॅट. पार्टिशन (ड्राइव्हवरच्या जागेची आखणी) एमबीआर पद्धतीचं, जीपीटीचं नाही. फाइल सिस्टिम (फाइली ठेवायची पद्धत) एफएटी३२. ओपीएलच्या नव्या आवृत्त्या एक्सफॅट ही दुसरी पद्धतही वाचतात, पण माझ्यासारखी जुनी आवृत्ती मेमरी कार्डवर असेल तर एफएटी३२च धरा. ६४ जीबीचे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्येच येतात, आणि विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर एफएटी३२चा पर्यायच दिसत नाही. ड्राइव्ह खराब आहे असं समजून मी तो परत करायला निघालो होतो! रुफस किंवा जीयूआयफॉरमॅट हा प्रोग्राम घ्या, दोन मिनिटांचं काम.

एफएटी३२वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. 'गॉड ऑफ वॉर २'सारखा दोन थरांचा गेम असला की 'यूएसबीयुटिल' या प्रोग्रामने त्याचे तुकडे करावे लागतात. लहान गेमची आयएसओ फाइल (डिस्कची जशीच्या तशी प्रत) मात्र थेट 'डीव्हीडी' नावाच्या फोल्डरमध्ये टाका (फोल्डरचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत). सीडीवरचे गेम 'सीडी' फोल्डरमध्ये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: फाइल ड्राइव्हवर सलग पडलेली असावी लागते. मधेच एखादा गेम पुसून त्या जागी दुसरा टाकला की नव्या फाइलचे तुकडे इकडेतिकडे विखुरतात, आणि ओपीएल 'फ्रॅगमेंटेड' म्हणत हात वर करतं. मी पेन ड्राइव्ह डीफ्रॅग करत (विखुरलेले तुकडे जुळवत) बसत नाही. गेमचा मूळ साठा कॉम्प्युटरवर ठेवतो, ड्राइव्ह फॉरमॅट करतो आणि एक कॉपी संपली की दुसरी, असं रांगेने सगळं परत भरतो. आमचा २००९चा 'हनुमान: बॉय वॉरियर' हा गेम असाच परतला. डिस्कवर ओरखडे होते, पण कॉम्प्युटरच्या ड्राइव्हने कुरकुरत का होईना, ती वाचली.

शेवटी ओपीएलच्या सेटिंगमध्ये यूएसबी 'ऑटो'वर ठेवा. यादी यायला वेळ लागतो, लगेच ड्राइव्ह उपटू नका. भाच्याने हौसेने प्रत्येक गेमचं कव्हर 'आर्ट' फोल्डरमध्ये टाकलं होतं. यादी खाली सरकवली की प्रत्येक नावावर मशीन दम खायचं. मी ते फोल्डर रिकामं केलं. तो रुसला, पण खेळायला पहिला तोच बसला.