निकालापासून अंमलबजावणीपर्यंत: सार्वजनिक धोरणाचा माग कसा काढावा

सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दुसऱ्या दिवशी मथळा येतो आणि व्यवस्था बदलली असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात निकाल, अधिनियम, नियम आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये वर्षानुवर्षे जातात, आणि धोरणाला खरा आकार याच काळात येतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा माग काढला, तर हे स्पष्ट दिसते.

प्रथम मूळ निकाल मिळवावा आणि त्यातील आदेशाचा भाग आधी वाचावा. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिनीवर (सरकारी महिला विकास कार्यक्रमातील गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर) १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर महिला संघटना व कार्यकर्ते न्यायालयात गेले. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या खंडपीठाने 'विशाखा' निकालात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. योग्य कायदा होईपर्यंत ती कायद्याप्रमाणेच बंधनकारक राहतील, असेही सांगितले. वाचताना 'कायदा होईपर्यंत' या अटीखाली रेघ ओढावी, कारण पुढची जबाबदारी कोणाची, हे तिच्यातच आले आहे.

यानंतर संसदेकडे वळावे, आणि येथे घाई करू नये. केवळ संमत झालेला मजकूर न वाचता विधेयकाचा पहिला मसुदा, स्थायी समितीचा अहवाल आणि अंतिम अधिनियम शेजारी ठेवून वाचावेत. २०१० मध्ये लोकसभेत मांडलेल्या मसुद्यातून घरकाम करणाऱ्या स्त्रिया वगळल्या होत्या. स्थायी समितीने त्यांचा समावेश करण्याची शिफारस केली आणि अंतिम कायद्यात त्या आल्या. समित्यांचे अहवाल फारसे कोणी उघडत नाही, याची मला खंत वाटते; अनेकांच्या आयुष्यावर परिणाम करणारा बदल तिथे एखाद्या परिच्छेदात सापडतो.

राजपत्रातील तारखाही तपासाव्यात. या अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती २२ एप्रिल २०१३ रोजी मिळाली, परंतु तो लागू झाला ९ डिसेंबरला, म्हणजे निकालानंतर सोळा वर्षांनी.

शेवटी जबाबदारी कोणाच्या खांद्यावर आहे, हे कलमांतून शोधावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान आस्थापनांतील तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. ही यंत्रणा कागदावरच आहे का, हे विचारण्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरावा. स्थानिक समितीचे सदस्य कोण, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि वर्षभरात किती तक्रारी निकाली निघाल्या, एवढे तीनच प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याला लेखी विचारावेत. उत्तरासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत असते, आणि उत्तर आले नाही तर प्रथम अपील करता येते.