पाळीची नोंद: दिवस कसे मोजावेत आणि काय लिहावे

सांगली-मिरजेतील कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? उत्तरही बहुधा ठरलेलेच असते: "गौरी गेल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात असेल." सणावारी अडचण येईल का, या धास्तीने सण लक्षात राहतो आणि तारीख विसरली जाते.

स्वयंपाकघरातील ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब लिहिला जातो, तिच्याच चौकोनात पेन्सिलीने ठिपका द्यावा. नुसता डाग दिसला तो दिवस धरू नये. रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस. तेथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र होते. पुष्कळजणी पाळी थांबल्यापासून मोजतात आणि हिशेब चार-पाच दिवसांनी चुकतो.

पाळी दर महिन्याला त्याच तारखेला आली पाहिजे, हा समज तर जवळजवळ घरोघरी आहे. समजा, एखाद्या मुलीचे चक्र बरोबर 28 दिवसांचे आहे आणि तिला 5 मार्चला पाळी आली, तर पुढची 2 एप्रिलला आणि त्यानंतरची 30 एप्रिलला येईल. "एकाच महिन्यात दोनदा आली" म्हणून आई घाबरते, पण तीन ठिप्क्यांमधील अंतर मोजले की भीतीचे कारण उरत नाही. प्रौढ स्त्रीमध्ये साधारण 21 ते 35 दिवसांचे चक्र, तर पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत 45 दिवसांपर्यंतचे अंतरही स्वाभाविक मानले जाते.

चौदाव्या दिवशीच स्त्रीबीज बाहेर पडते, हाही असाच अर्धवट हिशेब आहे. ते साधारणपणे पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी बाहेर पडते. म्हणजे 35 दिवसांच्या चक्रात एकविसाव्या दिवसाच्या आसपास. शिवाय शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, त्यामुळे केवळ बोटांवर दिवस मोजून गर्भधारणा टाळण्याच्या भरवशावर राहू नये. मोबाइलमधील ॲपही मागच्या तारखांवरून अंदाजच बांधते.

ठिप्क्याशेजारी दोन गोष्टी आणखी लिहाव्यात: रक्तस्राव किती दिवस टिकला आणि दिवसाला किती पॅड लागले. "अंगावरून कमी गेले तर घाण आत साचते" असे म्हणून मुलींना गरम पदार्थ खाऊ घालणाऱ्या आज्या अजूनही भेटतात. वास्तविक हे रक्त गर्भाशयाच्या अस्तरासह येते. त्यात घाण किंवा विष काही नसते. उलट सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर "चांगली साफ होते" असे समाधान न मानता डॉक्टरांना दाखवावे आणि हिमोग्लोबिन तपासावे. ते 12 ग्रॅमच्या खाली असेल, तर तो ॲनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता आहे.

वेदनांचीही नोंद हवी. ज्या दुखण्याने दर महिन्याला शाळा किंवा रोजगार बुडतो, ते लग्नानंतर आपोआप थांबेल या आशेवर सोडू नये. त्यामागे एंडोमेट्रिओसिससारखा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा) आजार असू शकतो.

पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या तर आपल्याकडे परस्पर औषधाच्या दुकानातून आणल्या जातात. त्या पाळीच्या काही दिवस आधी सुरू कराव्या लागतात, म्हणजे अपेक्षित तारीखच ठाऊक नसेल तर घेऊन उपयोग नाही. शिवाय रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रीला त्या धोकादायक ठरू शकतात. म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. (देवाची हरकत असते असे मला वाटत नाही, पण तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न.)

मुले झाल्यावर गर्भपिशवीचे काम संपते, हा समज सर्वांत महाग पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील महिलांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याने 2019 मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालाच, तर आधी औषधांनी भागेल का, हे विचारावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे. गरोदर नसताना तीन महिने पाळी न येणे, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसणे, ही दोन्ही ताबडतोब दाखवण्याची कारणे आहेत. जाताना दिनदर्शिकेच्या मागच्या तीन पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावेत. दुधाचा हिशेब त्यात दिसला तरी चालेल.