कोकमाची नानखटाई राखाडी का होते? कुकीजमध्ये नव्या चवी घालताना या चुका टाळा

दिवाळीच्या महिनाभर आधीपासून माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. पसरून एकमेकींना चिकटलेल्या कुकीज, वरून करपलेल्या नि आतून कच्च्या, कधी चक्क हिरवट. खाली ठरलेला प्रश्न: "ताई, काय चुकलं?" काय काय घातलं म्हणून विचारावं तर गुलकंद, बडीशेप, केशर, पांढरं चॉकलेट आणि वर मिरपूड. मग मी विचारते, साधी नानखटाई जमते का? त्यावर उत्तर येतं, "साधी काय, सगळेच करतात."

सगळ्यांना जमते असं मात्र नाही.

साधी हातात बसण्याआधी वेगळी करायला घेणं

माझं प्रयोगाचं माप कधीच बदलत नाही. मैदा १०० ग्रॅम, तूप ६०, पिठीसाखर ५०, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. यात दहा-बारा छोट्या नानखटाया होतात. आधी तापवलेल्या ओटीजीत १६० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. ही तीन-चार वेळा केलीत की तुमचा ओव्हन मागच्या डाव्या कोपऱ्यात जास्त तापतो की पुढे, तूप किती घट्ट असावं, गोळा किती वेळात भेगाळतो, हे सगळं हाताला कळतं. मग नवीन काही घातल्यावर बिघडलं तर दोष कोणाचा हे शोधावं लागत नाही.

कारण चव कधी एकटी येत नाही. कोकम आंबटपणा आणि मीठ घेऊन येतं, गूळ पाणी घेऊन येतो, सुकं खोबरं आणि तीळ तेल सोडतात, आळीव तर पिठातलं होतं नव्हतं ते पाणी पिऊन फुगून बसतात. चमचाभर "फ्लेवर" घातला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात पिठाचं सगळं गणित हललेलं असतं.

आंबट पदार्थ आणि सोडा एकत्र, विचार न करता

हे मला खूप बोलून दाखवायचं आहे, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे.

भाचीचं केळवण होतं. डोक्यात आलं, सोलकढीची नानखटाई करू. नारळ, कोकम, जिरं. (पहिल्या विचारात लसूणही होती. ती वहिनीने हाणून पाडली, तिचे उपकार आहेत.) साठ नगांचं पीठ एकदम भिजवलं, दहा करून बघण्याची सबुरी मलाही नव्हती. कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, घातलं चार मोठे चमचे. पीठ इतकं सुरेख गुलाबी झालं की मी फोटो काढला. मग वाटलं, आंबट फार होईल, सोड्याने मरेल जरा. अंदाजाने दीड चमचा खायचा सोडा टाकला.

परातीतच रंग फिरायला लागला. गुलाबीचा जांभळट झाला, जांभळटाचा मळकट. मी म्हटलं भाजल्यावर येईल. भाजून बाहेर आलं ते ओल्या सिमेंटच्या रंगाचं. चवीला खारट, मागून साबणासारखं काहीतरी जिभेवर राहणारं, आणि खुसखुशीत व्हायच्या ऐवजी चिवट. वहिनीने अर्ध्या अर्ध्या चॉकलेटमध्ये बुडवून लाज झाकली. पाहुण्यांनी एकेक खाल्ली. दुसरी कोणी उचलली नाही.

प्रत्येक गोष्टीचं कारण साधं होतं. कोकमाचा लाल रंग आंबटात लाल राहतो आणि सोड्यासारखं अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचं, काही लागलं की निळसर-राखाडीकडे जातो. उलटा प्रकार आपण घरात नेहमी पाहतो: हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. (हळदीच्या कुकीजवर तांबडे ठिपके येतात तेही यामुळेच, सोडा नीट मिसळला नाही की.) आगळात मीठ असतंच, तरी मी वरून पुन्हा मीठ घातलं. आगळ म्हणजे पाणी, आणि मैद्याला पाणी लागून तो मळला गेला की चिवट होणारच. राहिला साबण. आंबटाला पुरून उरलेला सोडा तोंडात तसाच लागतो.

आता मी काय करते ते सांगते. कोकम पिठात घालतच नाही. आमसुलं कडक उन्हात, किंवा ओव्हन अगदी मंद ठेवून, मोडल्यावर तुकडा पडेल इतकी सुकवते. मग चौपट साखरेबरोबर मिक्सरला फिरवून चाळते. पिठात फक्त मंद भाजलेलं सुकं खोबरं आणि भाजून भरडलेलं जिरं. सोडा नाही, मीठही नाही, ते आमसुलातून येतं. नानखटाई बाहेर आली की गरम असतानाच वर ही गुलाबी साखर भुरभुरायची. रंग तसाच राहतो आणि आंबट आधी जिभेला लागतं, नारळ मागून येतो. सोलकढी पिताना जसं होतं तसंच.

हाच नियम लिंबू, चिंच, कैरी, सगळ्यांना लावा. आंबट असेल तर सोडा मोजून, नाहीतर नकोच. नानखटाईला फुगवायचं कोणाला आहे?

तीव्र मसाल्याला माप नसणं

माझी आत्या वेंगुर्ल्याची. तिच्याकडून तिरफळं आली की मी त्यांचं काय करावं असा विचार करत बसते. तिरफळ म्हणजे बांगड्याच्या तिखल्यात टाकतात ते, जीभ जरा मुंग्या आल्यासारखी करतं. चॉकलेटच्या कडवटपणाबरोबर ते छान जाईल हा माझा अंदाज बरोबर निघाला. माप मात्र चुकलं. १०० ग्रॅम मैद्याला एक चमचा पूड, आणि तीही अख्खी फळं बियांसकट कुटून. आत्याने एक चावली, दाताखाली कचकच झालं, आणि म्हणाली, "गो बाय, तिरफळाची बी काढूक नाय?" पुढची दहा मिनिटं तिला चहा गरम आहे की गार ते कळत नव्हतं.

काळी बी टाकून द्यायची, वापरायचं फक्त वरचं टरफल. आणि पाव चमचाही जास्तच, माझं आजचं माप दोन चिमटी आहे. अनोळखी मसाला असेल तर चिमटीपासून सुरुवात करा आणि वर जा. जास्त झालेला मसाला पिठातून काढता येत नाही, आणि "मैदा वाढवून बघू" म्हणणारे शेवटी किलोभर बिघडलेलं पीठ घेऊन बसतात.

अजून एक. मसाल्याचा वास तुपात उतरतो. म्हणून बडीशेप, तिरफळ, मिरी काहीही असो, भरड करून कोमट तुपात तासभर ठेवते, मग तूप पुन्हा थिजू देते. कोरडी पूड मैद्यात टाकली तर ती जागोजाग टोचते, पसरत नाही. केशर मात्र तुपात नको. त्याचा रंग पाण्यात सुटतो, म्हणून चमचाभर कोमट दुधात.

साखरेच्या जागी तेवढाच गूळ

हेल्दीच्या नावाखाली रोज कोणीतरी करतं. गुळात ओल असते, कुकी पसरते, मऊ पडते आणि लवकर काळवंडते. अर्धी साखर ठेवा, गूळ किसून चाळून घ्या, थापलेल्या कुकीज अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, ओव्हन दहा अंश कमी. चिक्कीचा गूळ घेऊ नका, तो चिकट असतो.

एका कुकीत पाच चवी

दोन पुरेत. तिसरी फार तर वरून. आणि कोणत्या दोन हे शोधायला परदेशी यादी लागत नाही. आपल्या ताटात जुळलेल्या जोड्या आहेत: पन्ह्यातली कैरी-गूळ-वेलची, पेरूवरचं तिखट-मीठ, संक्रांतीचा तीळ-गूळ, थालीपिठाच्या भाजणीतले धणे आणि सोबतचं लोणी. भाजणीची कुकी तर अप्रतिम होते, फक्त भाजणी भाजलेली असल्याने पीठ धरून राहत नाही. निम्मा मैदा ठेवा, नाहीतर डब्यातून रवा काढाल.

इसेन्सबद्दल माझं मत विचारू नका. विचारलंतच तर: रसमलाई इसेन्स घातलेल्या कुकीला रसमलाईची चव नसते, बाटलीची असते.

पटापट आणखी काही

ओली फळं, ओलं खोबरं, किसलेलं आलं थेट पिठात घालू नका. सुकवा किंवा परतून घ्या.

वाटीने मोजणं सोडा. दाबून भरलेली आणि हलक्या हाताने भरलेली मैद्याची वाटी यात वीस-तीस ग्रॅम सहज फरक पडतो. वजनकाटा घ्या.

लिंबाची साल किसताना पांढऱ्यापर्यंत जाऊ नका, कडू होतं.

मिठाचं बटर वापरत असाल तर पाककृतीतलं मीठ विसरा. शिवाय बटरमध्ये थोडं पाणी असतं, तुपात नसतं. त्यामुळे तुपाच्या मापाने बटर घातलं की पोत बदलणारच.

मे महिन्यात तूप वितळलेलं असताना पीठ मळून ते पसरलं म्हणून रडू नका.

गरम असताना चाखून निकाल देणं

माझ्या वर्गात दर वेळी कोणीतरी विचारतं, "ताई, प्रीहीट स्किप केलं तर चालेल ना?" तीच व्यक्ती पुढे ट्रे बाहेर आल्या आल्या कुकी तोंडात टाकते, जीभ भाजून घेते आणि म्हणते, मसाला लागतच नाही, दुप्पट करू या. गरम कुकी मऊ असते, गोड जास्त लागते आणि मसाला मागे दडतो. तिरफळ, मिरी, जायफळ दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर बोलतात. म्हणून मी चव आणि निकाल दोन्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर लिहिते. वही जुनी, शाळेची दोनशे पानी. एका खेपेला एकच बदल, तारीख, वजन, आणि घरातल्या कोणी काय तोंड केलं ते. पावसाळ्यात डब्यात मऊ पडल्या तर फेकू नका, १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं पुन्हा भाजून गार करा.

या वहीत सध्या गोडा मसाल्याचं पान चालू आहे. सहा खेपा झाल्या. सहाव्या खेपेची नानखटाई दिसायला उत्तम, भेगा सुबक, खुसखुशीतही. नवऱ्याने एक खाल्ली, डब्यात पुन्हा डोकावला आणि म्हणाला, "वांगी कुठे आहेत?" दगडफूल आणि हिंग पुढे येतंय, बाकी सगळं मागे राहतंय. सातव्या खेपेला विकतचा मसाला नाही, धणे, तीळ, नागकेशर आणि लवंग वेगळं भाजून घेणार आहे. हिंग वगळून, आणि दगडफुलाची एकच पाकळी.